पहिलं ‘नाही’ भिडेचं

बेट, १२ फेब्रुवारी

शिरीन जान,

सलाम. फोन सोडून पत्र का, असं म्हणशील. अगं, फोनवर तू एकदा सुरू झालीस की माझी पाळी येईस्तोवर कार्ड संपतं. कागदावर तरी काकाच्या या लेकीला मध्येच तोंड घालता येणार नाही! छावणीतली नर्स रजेवर ब्रिस्बेनला निघालीय, ती हे टपालात टाकेल.

बातमी अशी की माझी मुलाखत झाली. न्यूझीलंडची! इथल्या काही जणांना न्यायला तो देश तयार झालाय, आणि त्यात तुझ्या या थोरल्या भावाचं, बरात लालाचं, नाव लागलंय. एकदा तिथं पाय ठेवला की क्वेट्ट्याहून जेवरला आणि पोरीला बोलावता येईल. बेटावर बसून ते या जन्मी व्हायचं नाही. माहगुलला सोडून निघालो तेव्हा ती माझी दाढी धरून उभी राहायला शिकत होती. आता नऊ वर्षांनी म्हणे आईच्याच चुका काढते.

मुलाखतीचा थाट काय विचारतेस! एक ‘निळी’ बाई, म्हणजे निर्वासितांच्या त्या जगभरच्या कचेरीची. त्यांचे बिल्ले निळे, म्हणून आम्ही त्यांना निळे म्हणतो. एक बेटाच्या सरकारचा माणूस. एक कंपनीचा, कंपनी आम्हाला जेवण आणि खाट देते. आणि भिंतीवरच्या पडद्यावर चौथा, तुमच्या तिकडच्या मोठ्या सरकारचा. यांनीच आम्हाला बोटीतून उचलून इथं आणून टाकलं आणि तेव्हापासून हेच सांगतात की आमचा यांच्याशी काही संबंध नाही. शिवाय फोनवर काबुलचा दुभाष्या. एका म्हाताऱ्याला ‘येतोस का’ विचारायला केवढी ही वरात!

आणि मी वागलो कसा म्हणून सांगू! बाई म्हणाली, चहा घेणार? मी म्हटलं, नको, कशाला. पाणी? नको नको. मग म्हणाली, न्यूझीलंडला जायला तयार आहात का? काळजात असं धडधडलं, शिरीन! पण म्हणून काय हावरटासारखी झडप घालायची? गावाकडे संगमाशाच्या बाजारात अर्धं आयुष्य समोवारावर चहा विकलाय मी. पहिल्याच विचारण्याला पेला उचलणाऱ्या गिऱ्हाइकाला लोक मागून काय म्हणतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. मी छातीवर हात ठेवला आणि म्हणालो, “नको हो बाईसाहेब, माझ्यासाठी कशाला एवढा त्रास? आधी पोराबाळांचं बघा.” बाई जरा चकितच झाली. “नक्की?” म्हणाली. मी म्हटलं, “नक्की, नक्की. तुम्ही विचारलंत त्यातच सगळं आलं.”

तेवढ्यात वेळ संपली, म्हणून तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं. पुढच्या आठवड्यात विचारतीलच. तिथं थंडी फार असते म्हणतात; लोकरीचं काय काय लागेल ते कळव.

तुझा
बरात लाला

•

डँडेनॉंग, २७ फेब्रुवारी

लाला,

सलाम गेला खड्ड्यात. तुझं पत्र दुकानात तंदूरपाशी उभी राहून वाचलं आणि तंदूरभर नान जळून कोळसा झाले. गिऱ्हाइकांना वाटलं, घरात कोणी गेलं.

अरे शहाण्या, तू ‘नाही’ म्हणालास! या लोकांत नाही म्हणजे नाही! तिसऱ्यांदा विचारणं ही चीजच यांच्याकडे नाही. मी नवी नवी इथं आले, पहिल्या वेळची गरोदर होते, पोटात कळा सुरू झाल्या. शेजारीण गाडी काढून म्हणाली, दवाखान्यात सोडू का? मी आपली खानदानी! म्हटलं, नको नको, तुम्हाला कशाला त्रास. “बरं,” म्हणाली आणि निघून गेली. बस येईपर्यंत मी त्या खांबाला मिठी मारून उभी होते. वाईट नव्हती रे ती बाई, नंतर बाळाला टोपडं घेऊन आली. तिला फक्त जे ऐकू आलं तेच समजलं होतं.

नऊ वर्षं ताकाच्या रांगेत उभा राहिलास, आणि नंबर आल्यावर भांडं लपवलंस! भीड भिकेची बहीण म्हणतात ते तुझ्यासारख्यांसाठी. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी ऊठ, त्या निळ्या बाईकडे जा आणि ‘हो’ म्हण. छातीवर हात ठेवू नकोस. मान झुकवू नकोस. ‘मेहरबानी’ हा शब्द तोंडातून काढलास तर माझ्याशी गाठ आहे.

जेवर वहिनीला मी यातलं अवाक्षर बोललेले नाही.

शिरीन

•

बेट, १९ मार्च

शिरीन जान,

गेलो. चारही दारं झिजवली.

निळी बाई म्हणाली, आम्ही फक्त शिफारस करतो, आणि तुमची इच्छा काय ते तुम्ही स्वतःच्या तोंडानं सांगितलंत. तुमच्या इच्छेचा मान राखणं हे आमचं पहिलं कर्तव्य आहे. मी म्हटलं, मग आत्ताच्या इच्छेचा मान राखा. म्हणाली, आत्ताची इच्छा घ्यायचा अधिकार आमच्याकडे नाही, बेटाच्या सरकारला विचारा.

बेटवाला भला माणूस. मला खुर्ची दिली, नारळ फोडून दिला. म्हणाला, “काका, तुम्ही आलात मोठ्या सरकारच्या कराराने आणि जाणार त्यांच्या यादीने. आमची आपली फक्त जमीन.” कंपनीचा म्हणाला, गादी बदलून मिळायचा अर्ज आहे आमच्याकडे, देश बदलून मिळायचा नाही. मोठ्या सरकारकडून गोड भाषेत उत्तर आलं, की तुम्ही एका स्वतंत्र देशात राहता आणि दुसऱ्याच्या घरात आम्ही ढवळाढवळ करत नाही. बारभाईचा कारभार म्हणतात तो हाच. मला धरून ठेवताना चौघांचे हात लागले होते. सोडायची वेळ आली तर प्रत्येकाचे हात खिशात.

दुभाष्यालाही झापलं मी. म्हटलं, अरे, तू काबुलचा, तुला तर कळत होतं ना मी भिडेनं बोलतोय ते? म्हणतो कसा, “कळलं ना काका. पण मला फक्त शब्द सांगायची परवानगी आहे. अर्थ सांगितला तर नोकरी जाते.”

आता पुढचं ऐक, आणि तंदूरपासून लांब उभी राहून वाच. माझा नकार अहवालात गेलाय. ‘एका रहिवाशाने पुनर्वसन स्वेच्छेने नाकारले, यावरून छावणीतील परिस्थिती समाधानकारक असल्याचे दिसते.’ तो समाधानी माणूस बघायला मोठ्या सरकारचे पाहुणे आले. मला मधोमध उभं करून फोटो काढला. त्यातल्या एकीनं विचारलं, इथं आवडतं का तुम्हाला?

आता तूच सांग, पाहुणा दारात उभा असताना घराची निंदा कशी करायची? मी म्हटलं, “तुमच्या कृपेनं सगळं छान आहे.”

बरात लाला

•

डँडेनॉंग, ८ एप्रिल

छान? छान म्हणालास? लाला, तुझी जीभ कापून मला टपालानं पाठव, म्हणजे माझ्या जिवाला स्वस्थता मिळेल.

तुझा फोटो इथल्या वर्तमानपत्रात आलाय. हसतोयस. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, हा तुझा लाला ना? मजेत दिसतो!

आता क्वेट्ट्याची गंमत ऐक. तिथं गुलचमन खालानं गल्लीभर केलंय की बरातनं बेटावर दुसरी बायको केली. नाहीतर नऊ वर्षं तडफडणारा माणूस जायला ‘नको’ कशाला म्हणेल? फोटोही पोचला तिथं. जेवर वहिनी म्हणाली, “त्यांना सांग, सुखात राहा म्हणावं.” एवढंच, आणि फोन ठेवला. माहगुलशीही बोलू देत नाही. भांडली असती तर बरं वाटलं असतं मला. वहिनी भांडत नाही तेव्हाच भीती वाटते.

मी मॉरीनबाईंकडे गेले होते. निवृत्त वकील आहेत, आपल्यासारख्यांच्या केसेस फुकट लढतात, फी म्हणून माझ्याकडचे चार नान नेतात. त्यांनी निर्वासितांचे सगळे करार टेबलावर मांडले. मरणाच्या दारात परत लोटायचं नाही, हा तुझा हक्क. बोटीनं आलास म्हणून शिक्षा करायची नाही, हाही हक्क. मी म्हटलं, मग नऊ वर्षं डांबलंय ते काय आहे? म्हणाल्या, त्याला ते शिक्षा म्हणत नाहीत, प्रक्रिया म्हणतात. आणि भिडेनं तोंडातून गेलेलं ‘नाही’ परत घ्यायचा हक्क? बाईंनी चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, हे कुणाच्या डोक्यातच आलेलं नाही. कसं येईल? ते करार लिहायला बसलेल्यांत आपल्या बाजूचा एक तरी माणूस होता का? असता तर पहिलं कलम चहाचं असतं.

पण त्यांनी एक वाट काढलीय. आपल्या रीतिरिवाजांचा अभ्यास केलेली एक विदुषी आहे. ती लेखी देईल की आपल्यात पहिलं ‘नाही’ हे नाही नसतं. चौघांनाही ते मानावं लागेल. ती आली की तिला सगळं खरं सांग. आणि तुला तुझ्या मेलेल्या आईची शपथ, कुठल्याही पाहुण्याला ‘छान’ म्हणू नकोस.

शिरीन

•

बेट, २३ मे

शिरीन जान,

विदुषी आली. डॉक्टर विनिफ्रेड. उंच, कोरडी, पण ऐकून घेणारी. आपलं बोलणं तिला अस्खलित येतं, फक्त पुस्तकासारखं येतं. तिनं चौघांसमोर लेखी दिलं, की या लोकांत पहिला आणि दुसरा नकार हा निव्वळ शिष्टाचार असतो, तिसरा खरा धरावा. चौघांनी सह्या केल्या. निळ्या बाईनं टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, सुटलो.

तेवढ्यात पडद्यावरचा खाकरला. म्हणाला, “असं असेल तर यांची सगळीच फाईल नव्यानं वाचायला हवी.”

आणि वाचली की गं! ‘कधी हत्यार उचललं होतं? नाही.’ एकदाच विचारलेलं. म्हणजे शिष्टाचार! ‘दुसरं लग्न? नाही.’ शिष्टाचार! गुलचमन खालाला कळव, तिच्या बाजूनं आता चार कचेऱ्या उभ्या आहेत. दुभाष्या फोनवर हसू दाबत होता, मलाही हसू आलं. मग पडद्यावरच्यानं शेवटचं पान काढलं. ‘मायदेशी परत जायची इच्छा आहे का? नाही.’ हे मला दोनदा विचारलं होतं. दोनदाच.

“म्हणजे यांना परत जायचंय,” तो म्हणाला, “केवळ भिडेपोटी बोलत नाहीयेत.”

ज्या सरकारचा नऊ वर्षं माझ्याशी संबंध नव्हता, ते एका क्षणात माझं सोयरं झालं. विमानाचं तिकीट ते काढणार, वर हातखर्चही देणार. निळी बाई पांढरी पडली. म्हणाली, जबरदस्तीनं पाठवता येत नाही, तसा करार आहे. तो म्हणाला, जबरदस्ती कुठाय, त्यांची इच्छाच आहे, तुम्हीच तर सही केलीत. आता पुढच्या बैठकीत मला तिसऱ्यांदा विचारणार आहेत.

शिरीन, मी थट्टेत लिहितोय खरा, पण ते तिकीट मरणाचं आहे. आपल्या गावच्या सफदरला ज्या बंदूकवाल्यांनी रस्त्यात बसमधून उतरवून नेलं, ते आज तिथं सरकारच्या खुर्चीवर बसलेत. परत गेलो तर मला उतरवायला बसही लागायची नाही, ते विमानतळावरच उभे असतील. आणि माझ्या पोरीला वाटेल, बाप आमच्याऐवजी मरण निवडून गेला. जेवरला काही कळव गं. काहीही कळव, पण मी ‘नको’ म्हणालो ते तिला म्हणालो नव्हतो, एवढं तरी तिच्यापर्यंत पोचव.

बरात

•

डँडेनॉंग, ५ जून

लाला,

रडू नकोस, ऐक.

तिसऱ्या वेळेला कुजबुजायचं नाही. ओरडायचं. टेबलावर हात आपट. समोवारवाल्या, आयुष्यभर बाजारभर ऐकू जाईल असा ओरडत आलास, आता काय झालं? मायदेशाचं विचारलं की ‘नाही’ तीन वेळा, एका दमात. न्यूझीलंडचं विचारलं की ‘हो’ तीन वेळा, प्रश्न संपायच्या आत. ते तुला उद्धट म्हणतील. म्हणू देत. उद्धट माणसं जिवंत असतात.

मॉरीनबाईंनी चौघांना चार पत्रं धाडलीत, की परत पाठवलंत तर कोर्टात खेचीन. त्या बाईंना राग आला की हळू बोलतात. त्या दिवशी इतक्या हळू बोलत होत्या की मला ऐकूच येईना.

वहिनीला फोन केला. तुझी सगळी पत्रं पहिल्यापासून वाचून दाखवली, चहा-पाण्यापासून. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, “हा माणूस मागणी घालायला आला तेव्हासुद्धा माझ्या बापानं ‘मुलगी पसंत आहे ना’ विचारलं, तर म्हणाला, ‘नाही हो, आमची कुठली लायकी!’” हसली की रडली, मला कळलं नाही. तुझ्याकडे यायचं म्हणतेस का, असं विचारायचं धाडस मला झालं नाही, ते तूच विचार.

आणि एक. गुलचमन खालाला मीच सांगितलं होतं. पोटात राहिलं नाही. शिव्या सुटून आल्यावर दे.

शिरीन

•

बेट, २ ऑगस्ट

शिरीन जान,

शिव्या दिल्या, माफही केलं. आता ऐक.

पडद्यावरचा म्हणाला, “मायदेशी...” तेवढ्यावरच मी उठलो. “नाही! नाही! नाही!” टेबलावर असा हात आपटला की कंपनीवाल्याचं पाणी त्याच्याच मांडीवर सांडलं. बेटवाला खूश होऊन म्हणाला, “काका, शाब्बास!” दुभाष्यानं विचारलं, हे तिन्ही सांगू की एकच? मी म्हटलं, तिन्ही सांग, मोजून सांग. मग निळ्या बाईनं घाबरत घाबरत न्यूझीलंडचं नाव घेतलं. हो, हो, हो! जन्मात एवढा बेशरम झालो नव्हतो. कानशिलं तापली माझी. आईनं ऐकलं असतं तर जेवायला वाढलं नसतं.

झालं. गेलं माझं नाव. पुढच्या महिन्यात विमान आहे.

निघताना एक शेवटचा प्रश्न असतो म्हणे, त्याशिवाय फाईल बंद होत नाही. “या काळात आमच्यापैकी कुणाकडून तुमच्यावर काही अन्याय झाला का?” चौघंही सावरून बसले. काय सांगू तुला, तोंडात सगळं आलं होतं. पण ‘हो’ म्हटलं असतं तर चौकशी, मग समिती, मग चार कचेऱ्या, आणि विमान माझ्याविना जाणार. मी छातीवर हात ठेवला, मान झुकवली, म्हणालो, “नाही हो साहेब, अन्याय कसला!”

सगळ्यांनी सुस्कारा सोडला. फक्त डॉक्टर विनिफ्रेडचं पेन थांबलं. तिचा तो दाखला माझ्या फायलीत सगळ्यांत वर लावलेला, चौघांच्या सह्यांसकट. ती म्हणाली, “यांना पुन्हा विचारायचं का?” पडद्यावरचा घाईनं म्हणाला, “नको, नको. एकदा पुरे.” मग मीही गप्प बसलो. कागदोपत्री माझं उत्तर काय झालं, ते त्यांचं त्यांनी बसून वाचावं.

संध्याकाळी जेवरला फोन लावला. दिवसभर घोकत होतो गं. ती रागात असणार, आधी ‘नको’ म्हणणार. मग मी मनधरणी करणार. ती पुन्हा म्हणणार, आम्ही आहोत तिथं बऱ्या आहोत, तुम्हाला कशाला त्रास. तुला माहीत आहे ना ती कशी आहे? शेजारणीनं वाटीभर मीठ दिलं तरी दोनदा परत करणारी बाई! नव्या नवरीसारखा घसा खाकरला मी आणि म्हटलं, “जेवर, मी तिथं पोचलो की तू आणि माहगुल...”

“हो,” ती म्हणाली. “येतो. कधी निघायचं?”

वाक्यसुद्धा पुरं करू दिलं नाही. एकदाही ‘नको’ म्हणाली नाही, शिरीन. जी बाई निकाहाच्या दिवशी काझीला तिसऱ्यांदा विचारायला लावते, ती. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू, पाय जमिनीवर नव्हते. मग फोन ठेवला आणि धोबीघाटामागं जाऊन इतका रडलो की कंपनीचा माणूस बघायला आला. गादी हवी का, म्हणाला.

एवढ्या भिडेची बाई होती गं ती. या नऊ वर्षांत तिला काय काय मागावं लागलं असेल, कुणाकुणापुढे, आणि पहिल्याच झटक्याला ‘हो’ म्हणायला ती कुठं शिकली, हे मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. पण मॉरीनबाईंना तू विचारून बघ, याची तक्रार चारांतल्या कुठल्या कचेरीत करायची असते.

बरात लाला